हळदीचा हक्क

अमरावतीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. त्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात 'एन्टायटल' हे क्रियापद आलं. 'हक्क देणे' असा अर्थ सांगून मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: हे तिकीट तुम्हाला या गाडीत बसण्याचा हक्क देतं. धामणगावहून रोज ये-जा करणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, मंग टीसी काय देते?"

"काही नाही. तो फक्त तिकीट पाहतो."

"म्हंजे 'अलाउ' वेगळं. त्याच्यात कोनी तरी हो म्हना लागते."

बरोबर होतं तिचं. मग वर्गाला मी तेच समजावलं. या क्रियापदाचा कर्ता बहुतेकदा माणूस नसतो. तिकीट असतं, वय असतं, कायदा असतो, नाहीतर घडून गेलेली एखादी गोष्ट. म्हणून 'आय अ‍ॅम एन्टायटल्ड टू' हेच रूप जास्त चालतं, आणि आपण मराठीत त्याला सरळ 'मला हक्क आहे' म्हणतो. पोरांनी उतरवून घेतलं. तास संपला.

शनिवारी मी मोर्शीला गेलो. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीची हळद होती. भाऊजी जाऊन काही वर्षं झाली होती. संत्र्याची बाग ताईच पाहत होती, लग्नही तिनंच जमवलं होतं. पण भाचीला पाटावर बसवलं तेव्हा ताई मांडवात नव्हती. ती मागच्या अंगणात, चुलीपाशी उभी राहून कढईतलं पिठलं हलवत होती. त्यासाठी आचारी होता.

पाटावरून भाची म्हणाली, "पयली हळद माय लावीन."

सगळ्यांनी ताईच्या सासूकडे पाहिलं. सासू पांढऱ्या लुगड्यात खांबाला टेकून बसली होती. तीही विधवाच, ताईपेक्षा कितीतरी आधीची. "हे सवाशिनीचं काम हाय," ती हळूच म्हणाली. "लोकं काय म्हनतीन?"

मी मामा. मला वाटलं, आता आपणच बोलावं. मी सासूजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मावशी, आजच्या दिवस लावू द्या तिला."

मागून ताईचा आवाज आला. "तू कायले इचारून राहिला?"

ती केव्हा आली ते कळलं नाही. पदराला हात पुसत ती मांडवात उभी होती. आवाज चढला नव्हता.

"म्या जलम देला तिले. हळद लावाले आनखी कोनाले इचारू?"

त्याच आठवड्यात मी वर्गात ज्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, तो माझ्यासमोर चालत पाटाकडे निघाला होता. मी परवानगी मागत होतो, आणि तिला परवानगी लागतच नव्हती. द्यायचं ते बावीस वर्षांपूर्वी एका बाळंतपणानं देऊन झालं होतं.

ताईनं वाटीत बोटं बुडवली आणि लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली. भाचीनं डोळे मिटून घेतले. मग ताई वळली आणि वाटी घेऊन सासूसमोर जाऊन बसली.

"आई, तुमीबी लावा. नात हाय तुमची."

म्हातारी वाटीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत अशा प्रसंगी कोणी तिच्यापुढे हळदीची वाटी धरली नव्हती. "मले जमन का आता?" तिनं विचारलं. ताईनं तिला दंडाला धरून उठवलं आणि पाटापर्यंत नेलं.

भाचीनंच आपलं कपाळ पुढे केलं.

मग बाकीच्या बायका उठल्या. एकीनं गाणं धरलं, दुसरीनं ते उचललं. मी मांडवाच्या कडेला उभा होतो. दुसऱ्या दिवशी लग्नात म्हातारी सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर ताईला खेटून बसली होती, आणि अक्षता टाकताना दोघींचे हात एकदमच वर गेले.