ओहोटी सांगितली, भरती राहिली

मुलांनो, तुम्ही आल्यावर डहाणूच्या समुद्रावर जायचं म्हणता, म्हणून यादी करायला ट्रंकेतली जुनी वही काढली. पानांना डांबरगोळ्यांचा वास होता. जव्हारच्या घरात त्या दुपारीही तोच वास पसरला होता. आम्ही पहिल्यांदाच समुद्रावर निघणार होतो. मी टॉवेल मोजत होते आणि आमच्याकडे कामाला असलेली सूर्यमाळची जनी घड्या घालत होती. तीही बरोबर येणार होती.

"एवढे टॉवेल! दर्या पुसायचा का, बाई?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "दर्याचं पानी आटतं का?"

"ओहोटीला मागं जातं," मी यादीवरची नजर न काढता म्हणाले आणि आयोडीनपुढे खूण केली.

तिच्या डोंगरातल्या सूर्यमाळला आटलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परतत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डबे उघडत असताना जनी उघड्या पडलेल्या खडकांवर शिंपले वेचत लांब गेली. भरतीनं तिची वाट बुडवली. ती परत आली नाही.

वहीतल्या त्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे खूण आहे. तुमच्या यादीत मी सगळ्यात आधी भरतीची वेळ लिहिली आहे. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगा, आणि पाणी परत येतं, हेही सांगा.