रोहिणीची सतरंजी आणि शेंगांचा ढीग

रोहिणी डॉक्टरीण आहे, पण सुई टोचत नाही, गोळी देत नाही आणि जीभ बाहेर काढायलाही लावत नाही. बारामतीत तिचा दवाखाना आहे. आत गेलं की मोठी सतरंजी आणि तिच्या मधोमध भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. नव्या माणसाला वाटतं, आपण चुकून बियाण्याच्या दुकानात शिरलो.

ती लोणी भापकरची, म्हणजे माझ्या माहेरची. लहानपणी दोन बाया भांडायला लागल्या की ही जवळ जाऊन बसायची. सोडवायला नाही, ऐकायला. तिची आई म्हणायची, "ह्या पोरीला दुसऱ्याच्या घरातलं काय गोड लागतंय, देव जाणे." पुढं तेच शिकायला ती पुण्याला गेली आणि शिकून बारामतीत परत आली. दारावर पाटी लावली, मानसशास्त्रज्ञ, कुटुंब समुपदेशन. मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पाटी वाचता वाचता माझा चहा गार झाला. पण वाचता येणाऱ्यांनी तरी काय दिवे लावले? शेजारी दाताचा दवाखाना होता. रोहिणीकडं येणारं माणूस पदरानं गाल धरून जिना चढायचं, बघणाऱ्याला वाटावं दाढ दुखतीय.

तिची सासूसुद्धा पाहुण्यारावळ्यांत म्हणायची, "आमची सून येड्यांची डॉक्टर हाय."

रोहिणी म्हणायची, "न्हाय वो आत्या, माझ्याकडं समदी शाणीच येतात. भांडणं शाण्यांचीच लय."

सुरुवातीला तिनं खुर्च्या ठेवल्या होत्या, तिथंच ती फसली. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसंना. बायको उभी म्हणून नवरा उभा. सासरा एकटा बसून पंख्याकडं बघणार. तोंड कुणीच उघडायचं नाही. खुर्च्या गेल्या, सतरंजी आली, तरी तीच गत. मग एकदा पेरणी तोंडावर आली असताना तिच्या भावानं बियाण्याच्या शेंगांचं पोतं पाठवलं. फोडायला वेळ कुणाला? तिनं पोतं सतरंजीवर ओतलं आणि आलेल्या घराला म्हणाली, "राग धरू नका, बसल्या बसल्या जरा हात लावा." त्या घरानं तीन खेपा नुसता पंखा बघितला होता. त्या दिवशी शेंगा संपल्या तरी बोलणं संपंना. हात मोकळा असला की माणूस तोंड मिटून बसतं, हात गुंतला की तोंड सुटतं. आपल्या बाया हे ओसरीवर जन्मभर करत आल्या, पण ते दवाखान्यात न्यायचं रोहिणीला सुचलं.

आता पुण्याची शिकाऊ डॉक्टर पोरं तिच्याकडं शिकायला येतात. आधी त्यांचा अंगठा सोलवटतो, मग त्यांना माणूस कळायला लागतं. जिथं गोळी लागते तिथं ती स्वतःच औषधाच्या डॉक्टरांकडं, अविराजांकडं धाडते. पण आमच्या कळस गावच्या राजलक्ष्मीला अविराजांनीच उलट तिच्याकडं धाडलं. ती गोष्ट सांगते. रोहिणी कुणाच्या घरातलं अक्षर बाहेर काढत नाही. पण राजलक्ष्मीच म्हणाली, "आजी, तुमी सांगा समद्यास्नी. आनि एखादीला उपेगी पडंल."

राजलक्ष्मी माझ्या शेजारच्या भीमाआबांची सून. आबांची टोमॅटो आणि ढोबळी मिरची, मुलगा रणजित बारामती एमआयडीसीत कामाला, सासू दगडाबाई आणि छोटी छकुली. खाऊनपिऊन सुखी घर. आणि ही सून उभ्या जागी पडायची. दातखिळी बसायची, डोळे पांढरे. आधी देवऋषी झाला. मग डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. चांगलं निघालं हेच वाईट झालं. दगडाबाई म्हणाली, "मंजी सोंग करती." आणि ठरलं की अक्षय तृतीया झाली की हिला माहेरी धाडायची, कायमची. तिच्या भावाला, ऋषिराजला, तसा निरोपही गेला. छकुली मात्र इथंच राहणार.

त्या पोरीनं खाणं सोडलं. छकुलीची वेणी दिवसातनं चारदा सोडून घालायची.

रोहिणीनं रणजितला सांगितलं होतं, "एकट्या बायकोला आणू नका, घरातली समदी माणसं आणा." आबा उसळले, "मला काय येड लागलंय व्हय?" रणजितनं आठवडाभर तोंड पाडलं, तेव्हा आबांनी तोड काढली. घरातले चौघं गेले तर गाव नावं ठेवणार. सगळेच गेले तर नावं ठेवायला राहतंय कोण? म्हणून ज्या पिकअपमधून टोमॅटो इंदापूरच्या बाजाराला जातात, त्यात त्यांनी अख्खी भावकी भरली. थोरली पाती, धाकटी पाती, चुलत सुना, कडेवरची पोरं. शेजार म्हणून मीही चढले. खोटं कशाला बोलू, मला बघायचंच होतं.

दवाखान्याखाली गाडी थांबली तेव्हा दाताचा डॉक्टर बाहेर येऊन बघायला लागला. त्याला वाटलं, एवढ्यांच्या दाढा एकदम कशा दुखायला लागल्या!

रोहिणी खाली आली. कुणालाही परत पाठवलं नाही. मागच्या अंगणात लिंबाखाली सतरंज्या पसरल्या आणि पोतं ओतलं. "आबा, जत्राच आणली की!"

"तुमीच म्हनला समदी आना."

"बरं झालं. माझ्या शेंगा आज एका बैठकीत व्हतील."

फोडायला लागलो आणि भावकी सुटली. कुणाच्या बांधावरनं, कुणाच्या लग्नावरनं, काय विचारू नका. रोहिणी नुसती फोडत होती. मधेच आबांना तहान लागली. ते म्हणाले, "राजलक्ष्मी, तुझ्या आत्याला इचार, तांब्या कुठं ठिवलाय."

दगडाबाई त्यांच्यापासून हातभर लांब बसलेली. ती म्हणाली, "राजलक्ष्मी, सांग त्यास्नी, पिशवीत हाय."

राजलक्ष्मी म्हणाली, "आबा, पिशवीत हाय."

आमचं कुणाचं लक्षही गेलं नाही. आम्हाला सवयच. पण रोहिणीचा हात थांबला.

"हे कवापासनं असं?"

कुणालाच आठवंना. रणजित शाळंत होता, तेव्हापासून आबा आणि दगडाबाई एकमेकांशी बोलत नव्हते. आधी निरोप रणजित न्यायचा. सून आली, तशी त्यानं ती पाटी तिच्या डोक्यावर दिली आणि आपला बापाशी काही वाद असला की तोही तिच्यातच टाकायला लागला. सांग त्यांना, सांग तिला, सांग आबांना. आणि निरोप का गोड असतात? सासूचा राग सासऱ्याला सांगायचा तो हिच्या तोंडानं. शिव्या खायच्या त्याही हिनंच.

रोहिणी म्हणाली, "राजलक्ष्मी, तू आत जाऊन बस. च्या आयता मिळंल. कुणी हाक मारली तरी उठायचं न्हाय."

ती गेली. रोहिणी आबांकडं वळली, "आता सूनबाई मधी न्हाय. काय बोलायचंय ते सरळ बोला."

शेंगा फुटायच्या थांबल्या. आबांनी दोनदा "राजलक्ष्मी" म्हटलं, सवयीनं. आतनं कोण येणार? शेवटी दगडाबाई भावकीकडं तोंड करून कडाडली, "माझं बोरीचं झाड तोडलं ह्या मानसानं! ठिबकची नळी घालायला वाकडी येत व्हती म्हनून. मला इचारलं का?"

"भावकीला नका सांगू, दगडाबाई. त्यांना सांगा," रोहिणी म्हणाली.

दगडाबाईनं पदर सावरला. भावकीकडचं तोंड नवऱ्याकडं फिरवलं. "आवो," ती म्हणाली. तो शब्द ऐकून म्हातारा शेंग हातात धरून तसाच राहिला. "आवो, ती बोर माझ्या आयनं दिलेल्या आठळीची व्हती."

"मला कुठं ठावं? कुनी सांगितलं मला?"

"तुमी इचारलं व्हतं?"

"अगं, मग... दुसरी लावू की."

"तिला बोरं लागस्तवर मी जगती व्हय?"

"जग की! तुला कोन नगं म्हनतंय?"

आधी थोरल्या पातीची म्हातारी हसली, मग सगळेच हसले. दगडाबाई हसता हसता रडायला लागली. रणजित मान खाली घालून होता. रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं तसा तो बापाला म्हणाला, "आबा, मी नोकरी सोडून शेती करनार न्हाय."

"ते मला ठावं हाय," आबा म्हणाले. "तुझ्या तोंडनं ऐकायचं व्हतं."

दारातून राजलक्ष्मी बघत होती, हातात चहाचा कप. स्वतःचा चहा गरम गरम पिताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

एका खेपेत सगळं बरं झालं असं नाही. रोहिणीनं नेम घालून दिला, सुनेच्या तोंडून निरोप नाही. भावकीला सुट्टी मिळाली, घरचे तेवढे जात राहिले. आबा पहिले काही दिवस भिंतीलाच सांगायचे, "तिला म्हनावं, भाकरी करपली." भिंत काही बोलायची नाही. हळूहळू सरळ बोलायला लागले. मधे एकदा राजलक्ष्मी पडली, पण दातखिळी बसली नाही. रोहिणी म्हणाली, "ह्या वक्ताला कुणाचा निरोप अडकला व्हता?" आणि खरंच, रणजितचाच होता.

मग अक्षय तृतीया आली, झाली आणि दुसऱ्या दिवशी दारात जीप. ऋषिराज आला होता बहिणीला कायमची न्यायला. आता नेऊ नको, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं! आबांना वाटलं दगडाबाईनं कळवलं असंल, तिला वाटलं रणजितनं, रणजितला वाटलं आबांनी. निरोप पोचवणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि तिनं काम सोडलेलं.

ऋषिराजच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं. "राजे, बोचकं बांध. माज चढलाय ह्यास्नी."

आबा उठले. सवयीनं सुनेकडं बघितलं आणि मान फिरवून सरळ ऋषिराजच्या पुढ्यात गेले, हात जोडून. "पावनं, चुकी आमची हाय. तिचं डोस्कं धड हाय, आमचीच तोंडं बंद व्हती. लेक तुमची हाय, न्हेऊ नका असं म्हनायचं मला तोंड न्हाय. पर ती ऱ्हाती म्हनली तर तिला ऱ्हाऊ द्या."

ऋषिराजनं बहिणीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. राजलक्ष्मीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासऱ्यासमोर खणखणीत बोलली.

"मी जानार. पर चार दिस, माहेरपणाला. छकुलीला घिऊन. आनि माझी मीच परत येनार, घर माझं हाय." मग दगडाबाईकडं वळून म्हणाली, "आत्या, तेल-मीठ कुठं हाय ते तुमाला ठावं हाय. आबांस्नी काय लागलं तर त्यास्नीच इचारा."

जीप फुफाटा उडवत गेली. मागच्या सीटवरनं छकुली हात हलवत होती. मी रोहिणीला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, हे मला पोरांना शिकवायला पुरंल."

चार दिवसांनी राजलक्ष्मी एसटीनं आली, फाट्यावर रणजित मोटरसायकल घेऊन उभा. त्यानंतर ती एकदाही पडली नाही. आबांनी बोरीचं रोप लावलंय, नळीपासून लांब. आणि माझी मात्र पहाटेची झोप गेली. उजाडायच्या आधीच बांधावरनं दगडाबाईचा आवाज येतो, "आवो, मोटार बंद करा, पानी वाहतंय!" आणि तिकडनं आबा, "अगं वरडतीस काय, आलो!"