पत्रकाची कोरी बाजू

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभा होतो. हातातल्या पत्रकाची शाई ओली होती : ‘डोंगरावरची झाडी कमी होतच चालली आहे!’ पहिला विचार मनात आला त्याची लाज वाटते... आता ह्या पत्रकांच्या पाठीवर कोण लिहिणार?

धारूरच्या पेठेत मन्मथआप्पांचं कापडाचं दुकान. मुलगी जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते, लग्नही तिथंच केलं. सहा वर्षांच्या नातीला मराठी येत नाही. फोनवर आजोबा-नातीच्या मधे मुलगी दुभाषी, ते आप्पांना सोसेना. अडुसष्टाव्या वर्षी मोबाइलवरून जपानी शिकायला बसले. हट्ट एकच : मधे कुणी नको.

मी आंदोलनाची पत्रकं त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवायचो. एकदा पाहतो तर कोऱ्या बाजूवर जपानी अक्षरं! भडकलोच. “आप्पा, वाटायला दिलीत ही. रद्दी न्हाई!”

“कावून वरडतो बे पुढारी? उरलेल्यावरच लिहितो, अन् लई उरतेत. हे बघ, जपान्यांनी तुझ्यासाठी येगळं व्याकरणच करून ठिवलंय.”

ते होतं ‘इप्पो दा’. क्रियापदाच्या शेवटी लावलं की अर्थ होतो : बदल एकाच दिशेनं चाललाय, थांबायचं नाव नाही. ‘इप्पो’ म्हणजे एक बाजू. तिकडं एकेरी रस्त्याच्या पाटीवरही हाच शब्द. धड्यातली उदाहरणं बहुतेक रडकी. महागाई वाढतच चाललीय, तब्येत बिघडतच चाललीय... “तुझी समदी पत्रकं इप्पो दा हायेत,” आप्पा हसले. घरी जाऊन मी रागारागानं जुनी पत्रकं काढली. खरंच, एकही सुटलं नव्हतं.

मग मलाच नाद लागला. आपल्या ‘चाललंय’ला निदान पाय आहेत, त्यांच्याकडं नुसती दिशा. असं का? गिऱ्हाईक नसलं की आम्ही यावरच भांडायचो. “चांगल्या गोष्टीला लावता येतं का हो?” मी विचारलं.

“धड्यांत कमीच दिसतं. हुडकतो म्या.”

पुढं त्यांना दम लागायला लागला. आधी चालणं कमी झालं, मग बोलणं. “हे बी इप्पो दा,” एवढंच म्हणाले. नातीशी जपानीत बोलायचं दर रविवारी पुढं ढकलायचे. “वाक्य नीट बसू दे आधी.” ते बसायच्या आत आप्पाच गेले.

मुलगी नातीला घेऊन आली. पंधरा दिवसांनी दुकान उघडलं, तेव्हा गल्ल्याखाली आप्पांनी लिहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा निघाला. सगळ्यात वरच्या पत्रकाच्या पाठीवर एकच वाक्य, बालवाडीतल्या पोरांना वाचता येतात त्या सोप्या जपानी अक्षरांत. मुलगी वाचायला पुढं झाली, पण नातीनं कागद आधीच उचलला होता. अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं : “हानाशिताइ कोतो गा फुएरु इप्पो दा.”

मी मुलीकडं पाहिलं. “बोलायचंय ते वाढतच चाललंय,” ती म्हणाली.

नातीनं कागद उलटला. माझ्या ठळक, चिडक्या अक्षरांवर बोट ठेवून मला काहीतरी विचारलं. कुणी अर्थ सांगायच्या आत मी गुडघ्यावर बसलो आणि वर्षानुवर्षं ओरडून म्हटलेलं वाक्य पहिल्यांदा सावकाश वाचलं. तिचं बोट माझ्यामागं अक्षर अक्षर सरकत होतं.