मुहर्रकच्या मजलिसीतले दाऊदमामू

१९९३च्या नोव्हेंबरात म्हसळ्याच्या मामींनी मला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी त्यांना एकटं राहायला मनाई केली होती. “पत्रं लिहून झाली, फोनवर सांगून झालं,” मामी म्हणाल्या. “आता तूच बहरीनला जा आणि तुझ्या मामूला घेऊन ये.” मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवायचो. पासपोर्ट होता, नाताळची सुट्टी तोंडावर आली होती. व्हिसाची व्यवस्था मामूंनी तिथून केली, पण मी का येतोय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दाऊदमामू विशीत बोटीने बहरीनला गेले. राजघराण्याच्या एका दूरच्या शाखेतल्या शेखांकडे त्यांना काम मिळालं. आधी बागेत, मग कॉफी वाढायला आणि पुढे मजलिसीत, शेखसाहेबांच्या उजव्या बाजूला. मजलिस म्हणजे घरातली बाहेरची मोठी बैठक, जिथे लोक भेटायला, गाऱ्हाणी मांडायला येतात. तिथे मामूंनी बत्तीस वर्षं काढली. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. आम्हा भाच्यांना ते परफ्यूमच्या बाटल्यांपुरतेच ठाऊक होते.

मुंबईहून विमान साडेतीन-चार तासांत पोचतं. विमानतळ मुहर्रक बेटावरच आहे, त्यामुळे तिथल्याच अराद भागात मामूंच्या खोलीवर पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जाणाऱ्यांसाठी सांगतो: डिसेंबर उत्तम, पण स्वेटर न्या, समुद्रावरचा वारा बोचरा असतो. आणि मीटरच्या भरवशावर न राहता टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. तेव्हा तरी तसंच होतं.

पहिले दोन दिवस युसुफभाईंनी मला फिरवलं. ते श्रीवर्धनचे, तुबलीला गॅरेजमध्ये मेकॅनिक, मामूंचे जुने दोस्त. अरादचा किल्ला आपल्या जंजिऱ्यापुढे अगदीच लहान, पण भरतीच्या वेळी बघावा. मनामाच्या बाजारात आम्ही केशराचा हलवा खाल्ला. दुपारी एका साध्या खानावळीत मच्छीचा मचबूस घेतला. आपल्या पुलावाचाच भाऊ, फक्त त्यात वाळवलेल्या लिंबाचा आंबटपणा असतो. एका ताटात दोघांचं पोट भरतं.

“मामू येतील का हो माझ्याबरोबर?” मी जेवताना विचारलं.

“इंशाल्ला,” युसुफभाई म्हणाले. मग भाताचा घास हातातच धरून म्हणाले, “एकदा मजलिसीत जाऊन बस. मग मला विचारू नकोस.”

मामू रोज सांगायचे, आज शेखसाहेबांकडे विषय काढतो. रोज परत येऊन म्हणायचे, आज गर्दी होती, आज जावई आले होते. चौथ्या दिवशी मी त्यांच्याबरोबरच गेलो.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मजलिस भरली. लांब खोली, तिन्ही भिंतींना लागून गाद्या, उदाचा धूर. शेखसाहेब सत्तरीच्या पुढचे, ताठ बसलेले. कोणी आत आलं की मामू हातातली कॉफीची किटली घेऊन शेखसाहेबांच्या पेल्याशी वाकायचे, आणि लगेच शेखसाहेब त्या माणसाला नावाने हाक मारून मुलाबाळांची चौकशी करायचे. (पेला रिकामा करून हलवला नाही तर कॉफी वाढतच राहतात. मी सात पेले प्यालो.) मग मामू किटली भरायला आत गेले. तेवढ्यात एक तरुण दारातून आला आणि शेखसाहेबांच्या अगदी समोर उभा राहिला. शेखसाहेब काहीच बोलले नाहीत. बोटं मात्र तसबीच्या मण्यांवर थांबली होती. मामू घाईने परतले, वाकले, आणि शेखसाहेबांनी हसून त्या तरुणाला नावाने हाक मारली. तो त्यांचा नातूच होता.

बाहेर पडल्यावर मी मामूंना किल्ल्याजवळच्या बांधावर थांबवलं. “त्यांना दिसत नाही ना?”

“चार वर्षं झाली,” मामू म्हणाले. “मला आणि डॉक्टरला ठाऊक. लोक निवाडा मागायला येतात रे त्यांच्याकडे. दिसत नाही हे कळलं तर त्यांची मुलं त्यांना माडीवर बसवून ठेवतील. मी गेलो की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल.”

“आणि मामी?”

मामूंनी पाण्याकडे बघत टोपी काढली, झटकली, परत घातली.

दुसऱ्या दिवशी मजलिसीत शेखसाहेबांनीच मला जवळ बोलावलं. अरबीत काहीतरी विचारलं. “कशासाठी आलायस असं विचारतायत,” मामू म्हणाले. आवाज अगदी सपाट होता.

मी मराठीतच म्हणालो, “मामी आजारी आहेत. मामूंना कायमचं घरी न्यायला आलोय.”

मामूंनी अरबीत दोन-तीन शब्द सांगितले. एवढ्या थोड्या शब्दांत माझं वाक्य मावणं शक्य नव्हतं. शेखसाहेब तरुणपणी मुंबईत राहिलेले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“दाऊद,” ते हिंदीत म्हणाले, “बत्तीस साल तेरी बोली सुनी है. इसने मामी बोला, आजारी बोला, घर बोला. तूने बोला, घूमने आया.”

मामू किटली घेऊन त्यांच्या पेल्याशी वाकले. शेखसाहेबांनी चाचपडत त्यांचं मनगट धरलं. मग चेहरा खोलीकडे करून मोठ्या, स्वच्छ आवाजात अरबीत एक वाक्य म्हणाले. कोपऱ्यात बसलेला त्यांचा थोरला मुलगा उठून उभा राहिला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, मला दिसत नाही. यापुढे येणाऱ्याने आपलं नाव स्वतः सांगावं.” मामूंनी किटली खाली ठेवली आणि ते बाहेर निघून गेले.

मला वाटलं, आता ते मोकळे झाले. पण त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि सामान बांधतानाही गरजेपुरतंच बोलले. निघताना शेखसाहेबांनी त्यांना आपला स्वतःचा तपकिरी अंगरखा दिला. विमानात मामूंनी तो मांडीवर ठेवला होता, घडी न मोडता.

पुढचं युसुफभाईंच्या पत्रातून कळलं. मुलांनी शेखसाहेबांना माडीवर बसवलं नाही. लोक येत राहिले, दारातून आपलं नाव सांगत राहिले. मजलिस चालू होती. मामूंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मामींच्या गोळ्या आणायला बाजारात गेले.

पुढच्या मे महिन्यात मी म्हसळ्याला गेलो होतो. मामू ओट्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होते, मामी दाराशी बसून आंबोशीला मीठ लावत होत्या. मी धीर करून विचारलं, “मामू, त्या दिवशी तुम्ही खरं का नाही सांगितलंत? त्यांची काळजी होती म्हणून?”

मामूंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काळजी होतीच. पण मला यायचंच नव्हतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “इथे मला कोण विचारणार होतं?”

“ठाऊक होतं मला,” मामी दारातूनच म्हणाल्या. मिठाचे हात तसेच होते. “तुमच्या मर्जीवर सोडलं असतं तर मी ह्याला कशाला धाडला असता? सरका जरा, बसू द्या मला.”

मामू सरकले.