रिकामं गेलेलं विमान

वडवणी तालुक्यात माणसं पुष्कळ, पण माझे धाकटे दीर एकच. सगळं जग एका अंगाला कललंय आणि ते सरळ करायला देवानं आपल्यालाच धाडलंय, असं समजून जगणारे. फौजेत ते मालवाहू विमानात सामान लावायचे. पीठ, औषधं, जिवंत कोंबड्यासुद्धा. काय कुठं ठेवायचं, कशानं आवळायचं, हे भाऊजींच्या हातात. पेन्शनीत आले तरी हात काही थांबले नाहीत. लग्नाच्या पंगतीत जाडजूड पाव्हणे एका ओळीत आले की त्यांना उठवून दोन्हीकडं वाटायचे. एकदा व्याही रुसले, तर म्हणाले, "रुसा, पण तिकडं बसून रुसा." मी बाजारातून आले की दोन्ही हातांतल्या पिशव्या सारख्या केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. जाऊ तर सांगते, "बघायला आले तवा माजं नाव न्हाई, वजन इचारलं यांनी."

ते विमान आता कायमचं बंद होणार, जुन्या फौजींनी घरच्यांना घेऊन निरोपाला पुण्याला यावं, असा फोन आला. त्या दिवसापासून भाऊजींचं जेवणात लक्ष नाही. म्हणाले, "एकदा त्येच्या पोटावरून हात फिरवायचाय, वहिनी. दुसरं काई न्हाई."

दुपारी ते शेवटचं उडणार होतं, म्हणून आम्ही पहाटेच जीपनं निघालो. कोण कुठं बसणार हे अर्थात त्यांनीच ठरवलं. कडा गावाच्या पुढं ऊसतोडीला निघालेली एक ट्रॉली दिसली. सगळा संसार एका अंगाला झुकलेला, वर बायका न् लेकरं. भाऊजींनी जीप आडवी घालायला लावली.

ट्रॅक्टरवाला तडकला, "कावून अडवलं बे?"

"उतरव समदं. नीट भरू."

"अन् येळ कोण देतो?"

"मी देतो माजा. उतरव."

जाऊ हळूच म्हणाली, "आवो, तिकडं इमान थांबंल व्हय?" भाऊजी पोती उतरवायला लागले होते. बाजरीची पोती मधोमध, त्यावर गाठोडी, लेकरं आत, सगळं दोरानं आवळलं. शेवटची गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली, मगच जीपमध्ये बसले.

पुण्यात विमानतळाच्या फाटकाशी उतरलो आणि ते विमान डोक्यावरूनच वर चढलं. भाऊजींनी कपाळावर हात धरला. "लई भरभर चढलं. रिकामं हाय, वहिनी." ते ठिपक्याएवढं झालं तरी हात तसाच. मग म्हणाले, "मी कदी रिकामं धाडलं न्हवतं."

येताना जीपमध्ये आम्ही कसेही बसलो. जीप डावीकडं कलली होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परवा पुतणीच्या लग्नात सगळे जाडे पाव्हणे एकाच ओळीत जेवायला बसले. भाऊजी वाढत वाढत समोरून गेले, कुणाला उठवलं नाही. मलाच ते बघवेना. मी उठले, आणि व्याह्यांना म्हटलं, "जरा पलीकडच्या ओळीत बसता का?" व्याही रुसले. म्हटलं रुसा बापा, पण तिकडं बसून रुसा. बुंदीचं पातेलं धरून भाऊजी लांबून बघत होते.