आत्यांच्या पाठीवरचा लाल रंग

ती बाई आमच्या वाटाण्याच्या बांधावर तीन दिवस येऊन बसली आणि त्या तीन दिवसांत माझं तोडणीत धड लक्ष लागलं नाही.

पारनेरकडचा वाटाणा तोडायला आला की वाट बघत नाही. एक दिवस उशीर झाला तरी शेंग निबर होते. आम्ही दहा-बाराजणी सकाळी सातला शेतात उतरायचो, दुपारी दोनला टेम्पो यायचा. त्या घाईत ही बाई इझल, कॅनव्हास आणि रंगांची पेटी घेऊन आली. पुण्यात चित्रकला शिकवायची म्हणे. तोडणाऱ्या बायकांचं चित्र काढायचं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "बसा की. फकस्त वाटाना तुडवू नका."

घरात कुणी कधी उकरून काढत नाही, पण लग्नाआधी मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला होता. नोकरी लागली नाही. लग्न झालं, मुलगी झाली, गोठ्यात चार गायी आल्या आणि माझ्या रंगांच्या ट्यूबा पत्र्याच्या पेटीत वाळून दगड झाल्या. कोर्सला असताना दृक्प्रत्ययवादावर, म्हणजे इम्प्रेशनिझमवर, टीप लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. उघड्यावर बसून काम, बदलता उजेड, तुटक फटकारे. सगळं पाठ. पण आमच्याकडे पुस्तकाची झेरॉक्स होती. त्यात शेतात वाकलेल्या माणसांचं एक परदेशी चित्र होतं, तेही मी बघितलं ते काळं-पांढरंच.

आता तसलंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर रंगांत होत होतं. मी शेंगा तोडायची आणि मान वळवून बघायची. ओळीत मागे पडायची. "हिला आज काय झालंय?" शेजारची म्हणायची. पहिल्या रात्री भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बांधाकडची ओळ धरली.

चित्रात आत्या मधोमध होत्या, वाकलेल्या. तोंड नाही, हात नाहीत, नुसते चार फटकारे, पण कुणीही ओळखावं. फक्त लुगडं त्या बाईंनी मातकट रंगवलं होतं. ते विटकरी आहे खरं, पण ढगातून ऊन पडलं की त्या हिरव्यात ते लालभडक पेटतं. बारा वर्षं मी त्याच पाठीमागे चालतेय, मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी बाई पाणी आणायला विहिरीकडे गेल्या. नेमकं तेव्हाच ऊन पडलं. मी पाटी खाली ठेवली, बांधावर चढले, ब्रश लाल रंगात बुडवला आणि आत्यांच्या पाठीवर एक फटकारा ओढला. मग ओळीत परत येऊन खाली बसले. निबर आणि कोवळी शेंग एकाच पाटीत टाकत होते.

बाई आल्या आणि ओरडल्या, "याला हात कुणी लावला?"

सगळ्याजणी उभ्या राहिल्या. आत्यांनी माझ्या बोटांना लागलेला रंग बघितला. म्हणाल्या, "आमच्या शेळीनं शेपूट लावलं आसंल. लई वढाळ हाय ती."

"शेळीला हिरव्याशेजारी लाल ठेवायचं कळतं होय?" बाई म्हणाल्या.

मी पुढे झाले. "मी लावला, मॅडम. चुकलं माझं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पेटीतल्या रंगाच्या पात्यानं तो लाल रंग खरवडून काढला. माझं तोंड उतरलं.

"रंग बरोबर होता," त्या म्हणाल्या. "पण तू घाबरत लावलास. ये, आता माझ्यासमोर लाव." आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी बघितलं तर ऊन गेलेलं. आत्या सरळ उभ्या राहिलेल्या. बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी ब्रश तसाच परत दिला आणि गोणी शिवायला पळाले. संध्याकाळी बाई चित्र घेऊन निघून गेल्या. आत्यांच्या पाठीवर त्यांनी लाल लावला की नाही, मला माहीत नाही.

आठ दिवस मला घरात चैन पडेना. गोठा झाडताना, धार काढताना नजर उजेडाकडेच. शेवटी बाजारच्या दिवशी मुलीसाठी म्हणून रंग आणले. आत्यांनी पिशवीत हात घातला.

"पोरीला साळंत लागत्यात व्हय?"

"नाही. मलाच पाहिजेत."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मला कुठं हुबं ऱ्हायचं ते सांग. पर लई येळ न्हाई हां, गायांना पानी दावायचंय."

त्या दोन मिनिटंसुद्धा उभ्या राहिल्या नाहीत. एकदा कोंबडी हाकलली, एकदा पदर सारखा केला, मग दावणीकडेच चालू लागल्या. मी त्यांच्या मागे कागद घेऊन फिरत राहिले. त्यानंतर सात चित्रं झाली. एकही जमलेलं नाही. काल सकाळी ऊन पडलं तेव्हा दूध चुलीवर होतं, ते उतू गेलं.