मोरीतली घूस

घूस म्हटलं की आजही माझा हात नाकाकडे जातो. मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या वर्षांत आम्ही इंदूरला खान नदीच्या काठी राहायचो. पावसाळ्यात काठच्या गवतात दलदल झाली की घुशी घरांत शिरायच्या. त्या भादव्यात आमच्या मोरीत एक आली. मांजराएवढी, राठ केसांची, चिखलाने बरबटलेली, शेपूट नागडी. डुकराच्या पिलासारखी गुरगुरायची. ती गेली तरी कुजका वास तिथेच राहायचा.

मोरीला लागून बाळंतिणीची खोली. ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती, मुलगी वीस दिवसांची. आई बाबांच्या मागे लागली की घुशीचा बंदोबस्त करा. बाबा होळकरांच्या कचेरीत जन्मभर हुकूम पाळत आलेले. घरात मात्र हुकूम त्यांचा. नेमके गणपती बसले होते.

"दहा दिवस तिला कुणी काठी लावायची नाही," ते म्हणाले. "देवाचं वाहन आहे. विसर्जन होऊ दे, फिर देख लेंगे."

वर, ती खोलीत जाऊ नये म्हणून रोज दुपारी नैवेद्यातला एक तळलेला मोदक मोरीच्या तोंडाशी ठेवू लागले. ती तो कुरूकुरू खायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर. मला देवाच्या मोदकांचीही शिसारी आली.

ताई जेवायला बसली की बाळापाशी बसायचं काम माझं. मी दहा वर्षांची होते. सहाव्या दिवशी बाबा पाहुण्यांत अडकले आणि मोदक राहिला. खोलीत तो वास इतका भरला की मी नाक दाबून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने बाळ किंचाळलं. धावत गेले तर तेल चोळलेल्या पायाची करंगळी कुरतडलेली, दुपट्यावर रक्त आणि त्यात चिखलाची पावलं.

ताईने लेकीला छातीशी धरलं. बाबा मोदक घेऊन दारात उभे होते.

"आज तुम्हाला उशीर झाला, बाबा," ती म्हणाली.

मुलगी वाचली, करंगळी तेवढी अर्धी राहिली. बाबांनी त्याच संध्याकाळी घूस कुदळीने ठेचली. ताई पुन्हा कधी गणपतीला माहेरी आली नाही. आईने मला विचारलं होतं, तू कुठे होतीस. मी म्हटलं, इथेच होते, घूस एकदम अंगावर आली. सगळा दोष बाबांच्या माथी गेला, आणि मी तो जाऊ दिला.